अमडापूरचं मशीन

२४ सप्टेंबर, बुधवार

बसली एकदाची! तीन दिवस डोकं पिकलं, पण नवी नेटवर्क मॅनेजमेंट सिस्टीम आमच्या चिखलीच्या ऑफिसात सुरू झाली. बासष्ट गावांतल्या आमच्या सगळ्या पेट्या — शाळा, ग्रामपंचायती, दवाखाने, जिथे जिथे आमचं इंटरनेट जातं तिथल्या — आता एका पडद्यावर दिसतात. हिरवी म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. आणि रोज रात्री दोन वाजता प्रत्येक पेटीच्या सेटिंगची एक प्रत आपोआप अमडापूरच्या बॅकअप सर्व्हरवर जाते. उद्या चिखलीचं ऑफिस जळून खाक झालं तरी अमडापूरच्या प्रतींवरून सगळं पुन्हा उभं करता येईल.

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतला शंतनु फोनवर होता. त्याने सुरक्षेची यादी पाठवली. चोवीस मुद्दे! सर्व्हरचे जे जे दरवाजे लागत नाहीत ते बंद करा, असं. मी एकेक बंद केला, पुढे खूण केली, खाली सही ठोकली — शरयू, नेटवर्क प्रमुख. चोवीसपैकी चोवीस. आमचे मालक नारायणराव बघून म्हणाले, "ताई, एवढे मार्क तं मले दहावीतही नाही भेटले."

सहा नोव्हेंबरला तपासणी पथक येणार. ते कोणतीही एक पेटी पुसून कोरी करणार आणि म्हणणार, आता अमडापूरच्या प्रतीवरून ही परत उभी करा. जमलं तर पाच वर्षांचं काम आमचं. नाही जमलं तर ऑफिसला टाळं. येऊ देत! मी तयार आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

अमडापूरचा सर्व्हर दुपारपासून बंद. का? तर पूजा! नारायणरावांच्या वडिलांची पिठाची चक्की होती तेव्हापासूनची रीत — खंडेनवमीला यंत्र थांबवायचं, पुसून स्वच्छ करायचं, पूजा करायची आणि दसऱ्याच्या सकाळीच पुन्हा सुरू करायचं. अहो, चक्कीचं ठीक आहे. सर्व्हर म्हणजे चक्की आहे का? मी सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. "यंत्रालेही वर्षातून एक दिवस सुट्टी लागते, ताई." झालं!

गोकुळने फोटो पाठवला. हा गोकुळ म्हणजे अमडापूरच्या टॉवरखालची खोली सांभाळणारा माणूस. बारा वर्षं तिथेच आहे, शिक्षण दहावीपर्यंत, वय पन्नाशीच्या आसपास. फोटोत सर्व्हरला झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं, पुढे नारळ. पंख्याच्या जाळीवर हळद! शेजारी एक नवी कोरी वही, तिच्यावरही कुंकवाचं स्वस्तिक. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर सणासुदीला तोंडातून भलतंच निघालं असतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं मनासारखं? पडद्यावर लाल पट्टी — "रिमोट सर्व्हर कंपॅटिबल नाही." रात्रीचा बॅकअप झालाच नाही. बासष्टच्या बासष्ट गावांचा!

म्हणजे चिखलीची नवी सिस्टीम आणि अमडापूरचं जुनं मशीन यांचं एकमेकांशी जुळत नाही, असं तो पडदा म्हणतो. मग खंडेनवमीपर्यंत आठवडाभर कसं जुळत होतं? तेव्हा पत्रिका वेगळी होती का?

गोकुळला फोन केला. विचारलं, हळद पंख्यात गेली का. म्हणे, "पंखा चांगला फिरून राह्यला मॅडम, पन पूजेपासून मशीनचं घड्याळ मांगं जाते." घड्याळ! मी बॅकअपचं विचारते, हा माणूस घड्याळाचं सांगतो. बहुतेक भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला असेल, तोही आता मीच पाठवायचा! म्हटलं, घड्याळ राहू द्या, दिवा हिरवा आहे का तेवढं सांगा. हिरवा आहे म्हणाला. ठेवला फोन.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज बॅकअप झाला. आपोआप! मी काही म्हणता काही केलेलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

६ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा लाल.

शंतनुशी दीड तास. हा पोरगा इतका गोड बोलतो की दात दुखायला लागतात. "मॅडम, आपलं रिमोट सर्व्हरचं व्हर्जन आमच्या सपोर्टेड यादीत नाहीये." मी म्हटलं, मग चार तारखेला कसं झालं? "ते तसं व्हायला नको होतं मॅडम." व्हायला नको होतं! म्हणजे चाललं तर आमची चूक, नाही चाललं तरी आमची चूक. शेवटी म्हणाला, अमडापूरचं सॉफ्टवेअर नवं करा. केलं. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत जेवले नाही. नंतर हाताने बॅकअप लावून पाहिला — पहिल्या फटक्यात झाला. जिंकले!

७ ऑक्टोबर, मंगळवार

जिंकले म्हणे. रात्री पुन्हा फेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी साडेदहाला चाचणी — पास. दुपारी दोनला — पास. संध्याकाळी पाचला — पास. रात्री दोनचा आपोआप होणारा — कधी पास, कधी फेल, त्याच्या मर्जीनुसार. दिवसा नांदतं आणि रात्री सोडचिठ्ठी देतं! कंपॅटिबल नसेल तर चोवीस तास नसायला हवं ना? वेळ पाहून भांडणारी दोन मशीनं मी वीस वर्षांत पाहिली नाहीत.

शंतनुला हे सांगितलं. "इंटरेस्टिंग आहे मॅडम," म्हणाला. त्याच्या इंटरेस्टिंगला काडी लावा!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

महिन्याची बैठक. आम्ही सात जण, चहा, चिवडा. नारायणरावांनी विचारलं, सहा नोव्हेंबरचं काय? मी व्हर्जनचं समजावून सांगत होते. तेवढ्यात मागून गोकुळ उभा राहिला — "मॅडम, ते घड्याळ अन् इन्व्हर्टर—"

पुन्हा तेच तुणतुणं! माझं डोकं सणकलं. म्हटलं, "तुमचं काम कुलूप, डिझेल आणि झाडू. मशीनचं मी पाहते." बसला खाली. बाकीचे चिवड्यात बघत होते. बरं झालं. कुणीतरी सांगायला हवंच होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

शरच्चंद्र म्हणाले, पाच जणांसमोर त्या माणसाला असं बोलायला नको होतं. आमचे हे हायस्कुलात मराठी शिकवतात, आवाज म्हणून कधी चढवला नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्या वर्गात पोरं ऐकत नाहीत. ते उठून पेपर वाचायला गेले. भाजी करपली ती करपलीच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं!!

अमडापूरचं मशीन स्वतःची रोजनिशी लिहितं — कोण आलं, काय घेतलं, काय नाकारलं, तारीखवार नोंद. प्रत्येक महिन्याचं वेगळं दप्तर. आज ऑक्टोबरचं दप्तर उघडून एकेक ओळ वाचली. ज्या रात्री बॅकअप झाला त्या रात्रीची नोंद आहे. ज्या रात्री फेल झाला त्या रात्रीची नोंदच नाही! तीन ऑक्टोबरची रात्र — गायब. सहा — गायब. सात, नऊ, बारा — गायब. संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत सगळं आहे, मग एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी सातनंतर सुरू. मधलं सगळं साफ!

मशीन आपल्या हाताने नोंद पुसत नाही. आणि सकाळी सातला त्या खोलीत कोण असतं? एकच माणूस. त्याच्याशिवाय किल्ली कोणाकडे नाही.

आता कळलं घड्याळाचं पालुपद कशाला ते. लक्ष तिकडे वळवायचं. रात्री काहीतरी उद्योग करायचे आणि सकाळी येऊन नोंदी पुसायच्या! मी दहा दिवस पुण्याच्या त्या गोडबोल्याला शिव्या घालत बसले, आणि चोर घरात!

१५ ऑक्टोबर, बुधवार

नारायणरावांना पत्र दिलं. टाइप करून, तारखांसह, सही करून. "अमडापूर येथील कर्मचाऱ्याने बॅकअप सर्व्हरवरील नोंदी पुसल्याचे दिसून येते. सबब त्यास तेथून दूर करावे." नारायणराव बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "गोकुळ? बारा वर्सं हाये तो, ताई." मी तारखा दाखवल्या. पाच तारखा. तारखा खोटं बोलत नाहीत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गोकुळला बोलावलं होतं. स्वच्छ पांढरा शर्ट घालून आला. नारायणरावांनी पत्र वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, "म्या काही पुसलं नाही." मग माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता घड्याळ येणार. मी म्हटलंही, घड्याळाचं सांगू नका. त्याने किल्ली टेबलावर ठेवली. सरळ माझ्यापुढे ठेवली, नारायणरावांपुढे नाही.

पत्राची एक प्रत पथकाच्या फाइलीत लावली. दोष सापडला, दोषी दूर केला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बॅकअप झाला. बासष्टपैकी बासष्ट.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

ओळीने पाच रात्री हिरव्या! गोकुळ गेला आणि मशीन सुधारलं. याहून मोठा पुरावा कोणता? दिवाळीत लोडशेडिंगही नाही, सगळं गाव झगझगतंय. शरच्चंद्रांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, हं. त्यांच्या त्या 'हं'ला काय उत्तर द्यायचं असतं ते लग्नाला वीस वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. करंज्या मात्र छान झाल्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

लाल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

लाल! आणि आता दिवसाही लाल. सकाळी फेल, दुपारी फेल, हाताने लावला तरी फेल. शंतनु सुट्टीवर. खोलीची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, खोलीत चिटपाखरू नाही, मग आता कोण पुसतंय? भूत?

सोमवारी स्वतः जाते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहायची लाज वाटते. तरी लिहिते. दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही.

सकाळच्या एसटीने अमडापूरला गेले. खोली उघडली. फरशी पुसलेली, डिझेलचे कॅन ओळीत, भिंतीवरचं घड्याळ अगदी बरोबर चालू. सर्व्हरवर वाळलेली माळ तशीच होती. मी खुर्ची ओढते तोच लाईट गेली. इन्व्हर्टरने वीसेक मिनिटं तग धरला, मग मशीन बंद. पाऊण तासाने लाईट आली, मशीन सुरू झालं, पडद्याच्या कोपऱ्यात तारीख उमटली.

१ जानेवारी २०१४.

मशीनच्या आत एक बटणासारखा सेल असतो, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो मेलाय. त्यामुळे मशीन बंद पडलं की त्याचं घड्याळ थेट २०१४ साली जातं. आणि चिखलीच्या सिस्टीमचं ओळखपत्र आहे या सप्टेंबरमधलं. २०१४ सालात बसलेल्या मशीनला ते ओळखपत्र अजून जन्मलेलंच नाही! म्हणून ते दार उघडत नाही. पडदा त्यालाच 'कंपॅटिबल नाही' म्हणतो.

मग जानेवारी २०१४ चं दप्तर उघडलं. सगळ्या गायब रात्री तिथे होत्या. तीन, सहा, सात, नऊ, बारा — एकही ओळ कमी नाही. कोणीही काहीही पुसलं नव्हतं. मशीनने आपल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. मी ऑक्टोबरमध्ये शोधत होते.

पण लाईट तर वर्षानुवर्षं जाते. आधी असं का होत नव्हतं? कारण आधी अमडापूरचं मशीन सुरू झालं की चिखलीला वेळ विचारायचं आणि आपलं घड्याळ लावून घ्यायचं. त्यासाठी एक दरवाजा उघडा असायचा. शंतनुच्या यादीतला सतरावा मुद्दा. "आवश्यक नसल्यास बंद करावा." आवश्यक आहे की नाही हे मी पाहिलंच नाही. बंद केला. खूण केली. चोवीसपैकी चोवीस!! त्यानंतर मशीन पहिल्यांदा बंद पडलं ते खंडेनवमीला, पूजेसाठी.

आणि फळीवर ती वही. पुठ्ठ्यावर कुंकवाचं स्वस्तिक, पहिल्या पानावर खंडेनवमीची तारीख. पुढे, मोठ्या सुबक अक्षरात:

"३ ऑक्टोबर. तारीख मांगं गेली हाये. मॅडमले फोनवर सांगतलं. सकाळी मोबाइल पाहून लावली."

"६ ऑक्टोबर. रात्री लाईट गेली. तारीख लावली, ७ वाजता."

"७ ऑक्टोबर. तारीख लावली."

"९ ऑक्टोबर. तारीख लावली. मीटिंगमधी मॅडमले सांगाचं हाये."

"१० ऑक्टोबर. सांगतलं."

नुसतं "सांगतलं". बाकी काही नाही. पुढे सोळा तारखेपर्यंत, लाईट गेल्याची प्रत्येक रात्र आणि तारीख लावल्याची प्रत्येक सकाळ.

मी दहाला ऑफिसात येऊन चाचणी घ्यायचे आणि ती पास व्हायची ती यामुळे! रोज सकाळी सातला तो माणूस येऊन घड्याळ सरळ करून ठेवायचा. दिवाळीच्या पाच हिरव्या रात्री? लाईट गेली नाही, एवढंच. आपण हसे लोकांना आणि शेंबूड आपल्या नाकाला. मी स्वतःच्या कानाखाली वाजवली. खरंच वाजवली. खोलीत कोणी नव्हतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

चिखलीच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला. बोटाच्या पेराएवढा. बसवला. सतरावा दरवाजा उघडला. मुद्दाम तीनदा लाईट बंद करून पाहिली. घड्याळ हललं नाही. बॅकअप बासष्टपैकी बासष्ट.

एवढंच होतं!

३० ऑक्टोबर, गुरुवार

गोकुळच्या घरी गेले. गोकुळभाऊंच्या — इथून पुढे तरी नीट लिहीन.

अंगणात बसलेले होते. त्यांच्या बायकोने, शालूबाईंनी, पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. बरोबरच केलं. मी सगळं सांगितलं. सेल, तारीख, सतरावा मुद्दा. म्हटलं, चूक माझी आहे, मला माफ करा. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या मॅडम. माझी केवढी ती समजूत!

म्हणाले, "तुमी मले चोर नाही म्हटलं. तुमी लिहिलं नोंदी पुसल्या. गावात त्याचा अर्थ एकच व्हते."

मग शालूबाई बोलल्या. गावच्या किल्ल्या यांच्याकडे असत. शाळेची, पाणीपुरवठ्याच्या पंपाची, मंदिराच्या कोठीची. कुणी परगावी निघालं की घराची किल्लीसुद्धा इथे. दिवाळीआधी शाळेवाले आले, म्हणे कुलूप बदलायचं आहे. मग पंपवाले. मग कोठीची. कोणी काही बोललं नाही, नुसत्या किल्ल्या मागून नेल्या. दाराशेजारी एक फळी होती, तिला सात-आठ खिळे. सगळे रिकामे.

मी विचारलं, तुम्ही रोज घड्याळ लावत होतात, तर माझ्याशी भांडला का नाहीत? तिसऱ्यांदा सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं.

"दोनदा सांगतलं. तिसऱ्यांदा सांगाची मले लाज वाटली." मग म्हणाले, "अन् बिघडलं तं पूजेपासूनच. पूजा म्या केली व्हती. मले वाटलं, माह्याच हातानं मशीनले काही झालं. म्हून चूपचाप लावत राह्यलो."

इतके दिवस मी हळदीला शिव्या घालत होते, आणि हा माणूस त्याच हळदीपायी स्वतःला दोषी समजून रोज सकाळी सातला माझी चूक निस्तरत होता! मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

निघताना विचारलं, नारायणरावांनी परत बोलावलं तर याल? म्हणाले, "पत्र ज्या हातानं गेलं त्याच हातानं वापस आलं पाह्यजे. अन् ते गावात सगळ्यायले दिसलं पाह्यजे. नुसतं तोंडी नाही."

६ नोव्हेंबर, गुरुवार

पथक आलं. त्यांनी पिंपळगाव राजाची पेटी निवडली, पुसून कोरी केली. अमडापूरवरून प्रत मागवली. चार मिनिटांत पेटी उभी! टाळ्या झाल्या. माझ्या हातात शाल-नारळ. पथकाच्या प्रमुखाने फाइलीत शेरा मारला — "दोष वेळीच ओळखून दोषी कर्मचाऱ्यास दूर केले, ही बाब प्रशंसनीय." प्रशंसनीय! नारळ तिथेच फोडावासा वाटला, तोही माझ्या डोक्यावर.

ते गेल्यावर नारायणरावांना सगळं सांगितलं. वही पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, दोनदा. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, गोकुळला मी दुसरीकडे कुठे तरी लावून देतो, वहीचं कोणाला बोलू नका. मी म्हटलं, त्यांना नुसतं काम नको आहे, नाव हवं आहे. मला माझं पत्र मागे घ्यायचं आहे, लेखी. एक प्रत पथकाला, एक अमडापूरच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर.

तेव्हा ते चिडले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "ताई, फाइलीत लिहिलं हाये की दोषी काढला. आता तुमी म्हनसान का दोषी मीच, तं पथक विचारीन, मंग ते बाई अजून काऊन बसली हाये? मले दोघायतून एकालेच ठेवता येते. गोकुळ वापस आला तं तुमची जागा राह्यत नाही. घरी जाऊन इचार करा."

त्यांचंही खरं आहे. बाकीच्या पाच जणांचं काम त्या फाइलीवर आहे. यातच सगळा वैताग आहे — ओरडायला समोर कोणी नाही! शंतनु नाही, हळद नाही, मालक नाही. मीच आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टेबलावर दोन कागद. एक पत्र मागे घेण्याचं. दुसरा अजून कोरा, त्याच्यावर काहीच लिहायचं नाही, तो नुसता तसाच ठेवायचा, म्हणजे गप्प राहायचं — बास, एवढं सोपं आहे. वीस वर्षं तारा ओढण्यापासून सुरुवात करून या खुर्चीपर्यंत आले. शरच्चंद्रांना विचारलं, काय करू? म्हटलं, आज 'हं' म्हणालात तर घर सोडून जाईन. ते म्हणाले, "पत्र दाखव, शुद्धलेखनाची चूक असेल तर सांगतो, तेवढं मला येतं."

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन. गोकुळभाऊ, अमडापूरच्या खोलीतून.

"मॅडम, रात्री लाईट गेलती. घड्याळ जाग्यावर हाये."

मी आता तिथे नोकरीला नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. माझं पत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं त्या दिवशी ड्रॉवरमधली ती किल्ली मी त्यांच्याच हातात दिली. तरी फोन केला.